हालश्टाट: फोटोच्या जागेआधी डोंगरावर जा

आई-बाबांना घेऊन साल्झबर्गहून व्हिएन्नाला जाताना वाटेत हालश्टाटला दिवस द्यावा का, की तळ्याकाठचा फोटो काढला की गाव संपतं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण दिवस द्या, पण सुरुवात तळ्यापासून करू नका, डोंगरावरून करा. जेमतेम साडेसातशे वस्तीच्या या ऑस्ट्रियन गावात जे काही उभं आहे ते वरच्या मिठाच्या जिवावर. ते मीठ पाहिलं नाही तर खालची घरं नुसतीच सुंदर दिसतात.

आपल्याला मीठ म्हटलं की मिठागरं आठवतात. इथे मीठ डोंगराच्या पोटात आहे. गावाच्या वर साधारण साडेतीनशे मीटरवर एक अरुंद खोरं आहे, तिथली खाण तीन हजारांहून जास्त वर्षं जुनी. मिठात लाकूड, कातडं, कापड कुजत नाही, त्यामुळे खाणकाऱ्यांनी जे टाकलं ते जवळपास जसंच्या तसं राहिलं. २००३ मध्ये आत एक लाकडी जिना सापडला. लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचा काळ निघाला इ.स.पू. १३४४! आठेक मीटर लांब, दोन माणसं सहज शेजारून जातील इतका रुंद. कडेच्या ओंडक्यांना खोबणी पाडून त्यात पायऱ्या सरकवलेल्या आहेत, म्हणजे सुटे भाग आणून आत जोडायची सोय. पाठीवर मीठ वाहण्याची कातडी पोतडीही मिळाली आहे. ती एका खांद्यावर अडकवायची आणि न उतरवता तिरकी करून रिकामी करायची. कोणी राजा नाही, लढाई नाही. रोज ओझं वाहणाऱ्यांनी आपली पाठ वाचवण्यासाठी काढलेली युक्ती समोर दिसते. मला त्या खाणीत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

१७३४ मध्ये तर मिठात दबलेला एक माणूसच सापडला होता. तो ख्रिश्चन नसणार असं धरून त्याला दफनभूमीच्या अपवित्र मानलेल्या कोपऱ्यात पुरलं. पुढे १८४६ मध्ये योहान गेओर्ग रामसाउअर या खाणप्रमुखाला त्याच खोऱ्यात जुनी थडगी लागली. १८६३ पर्यंत त्याने ९८० थडगी उकरली आणि प्रत्येकातल्या वस्तू नोंदवून त्यांची चित्रं करून घेतली. त्या काळी बहुतेक जण फक्त दागिने काढून घेत, हे लक्षात घ्या. बाल्टिककडचा अंबर आणि हस्तिदंती मुठीची तलवार इथे मिळाली, इतका दूरचा व्यापार मिठावर चालत होता. म्हणूनच युरोपातल्या आद्य लोहयुगाला, साधारण इ.स.पू. ८०० ते ४५०, याच गावाचं नाव आहे.

आता खाली उतरा. मिठाचं पाणी उकळायला इतकं सरपण लागायचं की जवळची जंगलं पुरेनात. मग १५९५ ते १६०७ या काळात हजारो झाडांचे बुंधे आतून पोखरून एबेनझे या गावापर्यंत ४० किलोमीटरची नळवाट टाकली आणि पाणी तिकडे नेऊन आटवलं. त्या वाटेवरून आजही चालता येतं. १७५० च्या आगीत लाकडी गाव जळालं. चौकातली रंगीत घरं बहुतेक त्यानंतरची आहेत.

फोटोत जो निमुळता मनोरा येतो तो प्रोटेस्टंट चर्चचा. अठराव्या शतकात याच भागातल्या प्रोटेस्टंटांना घरदार सोडायला लावून ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात, धाडलं होतं. १७८१ नंतर प्रार्थनेची मुभा मिळाली, पण मनोरा बांधायची नव्हती. हे चर्च १८६३ चं आहे. फोटो काढताना तेवढं आई-बाबांना सांगा.

वरच्या कॅथलिक चर्चशेजारी अस्थिगृह आहे. डोंगर आणि तळं यांच्यामध्ये जागाच नाही, म्हणून काही वर्षांनी थडगं उघडून कवटी काढायची, उन्हात पांढरी करायची आणि त्यावर नाव, साल, फुलं-पानं रंगवायची. सुमारे १,२०० कवट्यांपैकी ६०० हून अधिक रंगवलेल्या आहेत. शेवटची १९९५ मध्ये ठेवली. बाबांना बघवेल का ही शंका असेल तर आधी विचारून घ्या. पण मला तिथे भीती वाटली नाही. एकाच आडनावाच्या कवट्या शेजारीशेजारी ठेवलेल्या आहेत, घरचीच माणसं ती.

जाण्याचं म्हणाल तर बाट इशलपर्यंत बस, पुढे रेल्वे. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे आणि गाडीच्या वेळेला होडी असते. परतीची शेवटची होडी कधी ते उतरल्याउतरल्या बघून ठेवा. डोंगरावर जाणारी केबल रेल्वे चालू आहे ना, हेही निघण्याआधी तपासा. बंद असेल तर चढ खडा आहे, आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. खाणीत बारा महिने ८ अंशांच्या आसपास थंडी असते, स्वेटर हवाच. आत खाली उतरायला लाकडी घसरगुंड्या आहेत, पण त्यांच्या बाजूला पायऱ्याही आहेत, त्याची काळजी नको.

दुपारी अकरा ते तीन चौकात पाय ठेवायला जागा नसते, तो वेळ खाणीत घालवा. आणि व्हिएन्नाला पोचल्यावर निसर्गविज्ञान संग्रहालयातलं हालश्टाटचं दालन चुकवू नका, थडग्यांतल्या वस्तूंचा मोठा भाग तिकडेच आहे.