ऑफ-सीझनमध्ये काम काढलं तर खरंच पैसे वाचतात का?

प्रश्न: घराला रंग द्यायचाय, बाथरूमच्या टाइल्स बदलायच्यात आणि एसी पण घ्यायचाय. सगळे म्हणतात ऑफ-सीझनला कर, स्वस्तात होईल. खरंय का?

उत्तर: हो, पण प्रत्येक कामाचा ऑफ-सीझन वेगळा असतो हे आधी लक्षात घ्या. एसी थंडीत घ्या, तेव्हा मागणी कमी म्हणून डिस्काउंट मिळतो आणि फिटिंगवाला पण घाईत नसतो. बाथरूमचं काम आतलं, ते कारागीर मोकळे असतील तेव्हा कधीही काढा, दोन-तीन जणांकडून लेखी कोटेशन घ्या आणि तारीख कारागिराच्या सोयीची ठेवू म्हणून सांगा, मजुरीत नक्की फरक पडतो. टाइल्स मात्र एकाच बॅचच्या आणि साधारण १० टक्के जास्त घ्या, नंतर तोच शेड मिळत नाही. सिमेंट स्वस्त मिळालं म्हणून भरून ठेवू नका हां, ३ महिन्यांत त्याची ताकद बरीच कमी होते. आणि बाहेरच्या रंगाला प्लीज ऑफ-सीझन शोधू नका, तो म्हणजे पावसाळा, ओल्या भिंतीवर रंग मारला की पोपडे सुटतात आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो, तिथे कोरडं हवामानच हवं, वाचवायचं असेल तर बुकिंग आधी करा.