आधी मोजणी, मग टॅक्स इनव्हॉइस (माझे 45,000 असे गेले)

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. अकरा लाखांचं सीलिंग-पॅनेलिंग पुरं झालंय, आणि अकाउंट्सवाले म्हणतात, "आधी टॅक्स इनव्हॉइस द्या, मग मोजणीला माणूस पाठवतो." जीएसटीचं हे पक्कं बिल मोजणीआधीच देऊ का, असं विचारताय. नका देऊ. मी दिलं होतं.

जीएसटी नंबर, चालू खातं, मिस्त्रीशी लेबर रेट ठरवणं हे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही.

माझंही काम सीलिंग-पॅनेलिंगचंच, आणि इथलंच, बडोद्यातल्या एका मोठ्या संस्थेच्या सभागृहाचं. नाव लिहीत नाही, रोज त्याच रस्त्यानं जावं लागतं. हॉल 40 बाय 30 फूट, म्हणजे नकाशावर 1,200 चौरस फूट. पण वर कडेनं तीन पायऱ्यांची किनार (कोव्ह), एसीच्या डक्टभोवती बॉक्सिंग, खिडक्यांवर पडद्याचा रॉड झाकणारी पेटी (पेलमेट). उभ्या पट्ट्या धरल्या तर जिप्सम बोर्ड 1,900 च्या पुढे जात होता. बीओक्यूत, म्हणजे कामांच्या आणि मापांच्या यादीत, ओळ एवढीच : 'फॉल्स सीलिंग, चौ. फूट'. उभं मोजायचं की नुसतं आडवं, याबद्दल एक अक्षर नाही. साइटवरचे इंजिनिअर भला माणूस. म्हणाले, "जे लावलंय ते मोजू ना, काळजी कशाला?" मी कसली काळजी करतोय! लगेच दोन हात पुट्टी मारून रंगही लावून टाकला.

फेब्रुवारी 2023 मध्ये अकाउंट्समधून फोन. मार्च एंडिंग आहे, बजेट परत जाईल, आजच इनव्हॉइस पाठवा. मोजणी व्हायची होती, तरी मी माझ्या हिशेबानं 14,60,000 चं इनव्हॉइस काढलं, वर 18 टक्के, म्हणजे 2,62,800. आता टॅक्स इनव्हॉइस एकदा काढलं की सरकारला तुमचे पैसे आले की नाही याच्याशी घेणंदेणं नसतं. 20 मार्चला रिटर्न भरायचं, खात्यात दमडी नाही. ओडीतून, म्हणजे बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून, भरले. तेही वर्षभर ओडीतच राहिले. व्याज मी मुद्दाम मोजलं नाही.

एप्रिलमध्ये भले इंजिनिअर दुसऱ्या शाखेत गेले. नवे आले ते म्हणाले, "आम्ही आडवंच मोजतो." मग फाईल फिरू लागली. एकदा मेजरमेंट शीट त्यांच्या नमुन्यात नाही म्हणून परत. एकदा पानावर शिक्का नाही. एकदा सगळं बरोबर होतं, पण साहेब रजेवर. अहो, त्या टेबलासमोरच्या बाकड्यावर मी इतका बसलोय की शिपाई मला चहा विचारायचा. टेबलावरचा माणूस मात्र कधी वर बघायचा नाही. पावसाळा गेला, नवरात्र गेली. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली, आणि आपल्याकडे धनतेरसपासून लाभपाचमेपर्यंत फाईल कशी हलणार?

इथेच खरा दणका बसला, म्हणून एवढं लांबण लावलं. बिल कमी मंजूर झालं तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढून जादा भरलेला जीएसटी वळता करता येतो. पण त्याला मुदत आहे : आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा 30 नोव्हेंबर. वार्षिक रिटर्न आधी भरलं तर तेव्हाच दार बंद. माझं बिल मंजूर झालं उत्तरायण उलटल्यावर, जानेवारी 2024 मध्ये. मंजूर 12,10,000. सीलिंग आणि पॅनेलिंग मिळून अडीच लाख कापले, आणि त्यांच्यावर भरलेले 45,000 कायमचे गेले. अडीच लाखांसाठी भांडायला वाव तरी होता, या 45,000 साठी तोही नाही. न मिळालेल्या पैशावरचा कर!

म्हणून सांगतो. प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, द्या, किंवा नुसतं आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) मेजरमेंट शीटसकट द्या. टॅक्स इनव्हॉइस सही झालेल्या आकड्यावरच. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये 'बिल मोजणी प्रमाणित झाल्यावर देय' ही ओळ घालून घ्या. काम तीन महिन्यांच्या वर चालणारं आणि टप्प्याटप्प्यानं पैसे मिळणारं असेल तर कायद्यानं इनव्हॉइसची तारीख या ओळीवर ठरू शकते. लहान कामाला गणित वेगळं आहे. मी सीए नाही, मार खाल्लेला माणूस आहे, तेव्हा तुमच्या सीएला दाखवल्याशिवाय काही करू नका. आणि सीलिंगचा सांगाडा उघडा असतानाच दोघांनी मिळून मोजा, कोव्ह-पेलमेट रनिंग फुटात वेगळे लिहा, पानापानावर सही घ्या. तोंडी "बघू ना" म्हणणारा माणूस कितीही गोड असो.

कुणीतरी सांगेलच, एमएसएमईत तक्रार टाका. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात पैसे चुकते करायला 45 दिवसांची मर्यादा आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, हे खरं. पण आपलं काम वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र, आणि त्याला तो कायदा लागतो की नाही यावर कोर्टांत वाद झालेत. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काम झाल्यावर केली तर त्या जुन्या बिलाला उपयोग होईलच असं नाही, तेव्हा ती आजच करून टाका, फुकट आहे. मी स्वतः तक्रार टाकली नाही. भित्रेपणा म्हणा. इथेच धंदा करायचाय.

 

तुमच्या बीओक्यूतली सीलिंगची ओळ, रेट झाकून, इथे टाका. आडवं-उभं काय निघतं ते बघून सांगतो. तोवर त्यांना म्हणा, इनव्हॉइस बुक संपलंय.