वेगात सूर मिसळतात

प्रश्न : ई-नाइन जुळणीच्या पेडल स्टीलवर (आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार) मी छेडलेल्या तारा तळव्याने दाबतो. लय वाढली की सूर एकमेकांत मिसळतात. उपाय?

उत्तर : वेगात तळवा उचलून परत ठेवायला वेळच उरत नाही. तार नखीनेच थांबवायला शिका. यालाच पिक ब्लॉकिंग म्हणतात. अंगठ्याने पाचवी तार छेडा. मधल्या बोटाने चौथी छेडता छेडताच अंगठ्याची नखी पाचवीवर परत टेकवा. मग उलट. मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला दोन सूर, बार एकाच फ्रेटवर. सूर स्वच्छ तुटले तरच ४ ने वाढवा.

खरखर येईल. थरथरत्या तारेवर नखी भीतभीत टेकली की खरखर वाजतेच, नखी ठाम टेकवा. आणि व्हॉल्यूम पेडलने खरखर लपवू नका! संथ गाण्यांत मात्र तळवाच बरा, सूर मऊ थांबतो.