वाचकांचे प्रश्न : आधी स्टेडियम की आधी गल्ली?

प्रश्न : नदीकाठच्या जुन्या गोदामांच्या भागात माझं वर्कशॉप आहे. तिथे आता स्टेडियम येऊ घातलंय. भोवती हॉटेलं, दुकानं, घरं आणि काठाने फिरायला रस्ता. सादरीकरण झालं, चित्रं देखणी होती. आमच्या गल्लीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, भागाचं सोनं होणार. दुसरा म्हणतो, आपलं बस्तान उठणार. हरकती-सूचना द्यायची मुदत जवळ आलीय. नेमकं काय विचारावं? – एक वर्कशॉपवाले

उत्तर : चित्रं देखणीच असतात. नोकरीत असताना अशाच एका प्रकल्पाचं मॉडेल मी स्वतः टेबलावर मांडलंय, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. आमची नदी म्हणजे निळ्या ॲक्रिलिकची पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीची. खरी नदी अशी कुठे असते? लोक मॉडेलभोवती गोळा झाले. तिथल्या एका गोदामाच्या म्हाताऱ्या रखवालदाराने हिरव्या फोमच्या बागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, पाणी इथवर येतं." मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्याबरोबर जाऊन बघितलं. गोदामाच्या मागच्या भिंतीवर डांबराच्या आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीशेजारी साल. सगळ्यात वरची माझ्या छातीला लागत होती.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी भिंत असणारच. जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावा, टेपसकट फोटो काढा आणि हरकतीच्या अर्जाला जोडा. पान-दोन पानं लिहिण्यापेक्षा तो फोटो जास्त बोलेल. मग विचारा, प्रकल्पाच्या नकाशावर पूररेषा कुठे आहे, कोणत्या पुराची आहे आणि भराव घातल्यानंतरची आहे की आधीची? शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर, असा गैरसमज असतो. दर वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का, एवढाच त्याचा अर्थ. स्टेडियमचं कर्ज 30 वर्षांचं धरा. तेवढ्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्क्यांवर जाते. काठावर भराव घालून पात्र आवळलं की तेच पाणी जास्त उंचीने जातं, किंवा समोरच्या काठावरच्यांच्या घरात शिरतं. ब्रिस्बेनमध्ये जानेवारी 2011 च्या पुरात लँग पार्क स्टेडियमचं अख्खं मैदान गढूळ पाण्याखाली गेलं होतं.

यावर उपाय नाही असं नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराने ओहायो नदीच्या काठावर तो केला. खाली पार्किंगचे मजले बांधले आणि त्यांच्या माथ्यावर, पुराच्या पातळीच्या वर, घरं-दुकानांची वस्ती उचलून ठेवली. पाणी आलंच तर गाड्या हलवता येतात. पण ते खालचे मजले बांधायला पैसा लागतो, आणि तो बहुतेक वेळा सार्वजनिक तिजोरीतून येतो. सादरीकरणात हा खर्च 'पायाभूत सुविधा' नावाच्या एका ओळीत दडपलेला असेल. ती ओळ उकलून मागा.

सिनसिनाटीचं पुढचंही ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. 1996 मध्ये तिथल्या हॅमिल्टन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मतदारांनी दोन स्टेडियमसाठी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ मंजूर केली. अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम 2000 मध्ये उघडलं, बेसबॉलचं 2003 मध्ये. आणि ज्याच्या चित्रांवर लोक भाळले होते ती दोघांमधली वस्ती? तिचा पहिला टप्पा 2011 मध्ये उघडला. पहिल्या स्टेडियमनंतर अकरा वर्षांनी! मधल्या काळात कराचं उत्पन्न अपेक्षेएवढं वाढलं नाही. घरमालकांना कबूल केलेली करसवलत कमी करावी लागली, आणि तूट भरून काढायला काउंटीने स्वतःचं एक रुग्णालयही विकलं. आज ती वस्ती नांदती आहे, हेही खरं. पण त्या अकरा वर्षांत तिथे वर्कशॉप असलेल्या माणसाने काय करायचं होतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की क्रम विचारा. स्टेडियम हे एकच काम असतं, एकाच ठेकेदाराकडे जातं, फीत कापायची तारीख ठरलेली असते. ते आधी होतं. गल्ल्या, सावली, दुकानं, परवडणारी घरं हे किरकोळ पन्नास जणांचं काम, त्याला तारीख नसते. ते 'पुढच्या टप्प्यात' जातं. करारातच बांधून घ्या, की अमुक इतके रस्ते, अमुक इतकी घरं आणि हलवल्या जाणाऱ्या धंद्यांची पर्यायी जागा ताब्यात आल्याशिवाय स्टेडियमचा पुढचा हप्ता सुटणार नाही. माझं चाललं तर मी स्टेडियम सगळ्यात शेवटी बांधीन. हे कोणी ऐकणार नाही, ठाऊक आहे मला.

वॉशिंग्टनचं उदाहरण तुमच्या तोंडावर फेकतील. ॲनाकोस्टिया नदीजवळ 2008 मध्ये बेसबॉलचं स्टेडियम उघडलं आणि तो पडीक भाग उभा राहिला, असं सांगतील. बरोबर आहे. पण त्याच्या आधीच नौदलाची कार्यालयं तिथे हलवली होती आणि 2007 मध्ये केंद्रीय परिवहन खात्याचं मुख्यालयही शेजारी आलं होतं. दुपारी जेवायला बाहेर पडणारी हजारो माणसं रोजची होती. स्टेडियम त्यात सामील झालं.

दुसरी बाजू संघाशी होणाऱ्या कराराची. अमेरिकेतल्याच सेंट लुईस शहराने 1995 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी छताचं स्टेडियम उभं केलं. भाडेकरारात एक कलम होतं, की ठरावीक वर्षांनी ते लीगमधल्या पहिल्या चतुर्थांश स्टेडियमांत बसलं पाहिजे, नाहीतर संघ मोकळा. म्हणजे दुसरं कोणी नवीन बांधलं की यांचं जुनं! संघ जाणार असं दिसल्यावर शहराने मिसिसिपीच्या काठी नव्या स्टेडियमचा आराखडा आणला. जानेवारी 2016 मध्ये संघाला लॉस एंजेलिसला जायची परवानगी मिळाली आणि आराखडा कागदावरच राहिला. छताच्या स्टेडियमचं कर्ज मात्र लोक फेडतच होते. 2021 मध्ये शहराला संघ आणि लीगशी झालेल्या तडजोडीत इतर पक्षकारांसह 79 कोटी डॉलर मिळाले, पण त्यासाठी चार वर्षं कोर्टात भांडावं लागलं. तेव्हा तुमच्याकडच्या करारात संघ मधेच गेला तर काय, कर्ज किती वर्षांचं आणि करार किती वर्षांचा, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून मागा. कर्ज लांब आणि करार आखूड असेल तर सही करणारे तोवर निवृत्त झालेले असतील.

तुम्ही जागेचे मालक की भाडेकरू, हे पत्रात लिहिलेलं नाही. भाडेकरू असाल तर आजच भाडेपावत्या, वीजबिलं, यंत्रांची यादी एका फाइलमध्ये लावा. जागेचा भाव वाढेल तो मालकाच्या खिशात. तुमच्या हातात नोटीस. भागाचं सोनं होणार म्हणणारे आणि आपण उठणार म्हणणारे, दोघंही खरं बोलत असतात. ते एकाच घरात राहत नाहीत, एवढंच.

प्रश्न : स्टेडियममुळे आसपासचे धंदे वाढतात, हे खोटं आहे का? – एक हॉटेलचालक

उत्तर : खोटं नाही, अर्धं आहे. एका कुटुंबाची मौजेवर खर्च करायची रक्कम फारशी वाढत नाही. ती शहराच्या एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. तुमचं टेबल भरलं म्हणजे कुठेतरी दुसऱ्याचं रिकामं झालं. अर्थशास्त्रज्ञांमध्ये सहसा एकमत होत नाही, पण सरकारी पैशाने बांधलेलं स्टेडियम आपला खर्च शहराला परत मिळवून देत नाही, यावर त्यांच्यातल्या बहुतेकांचं झालंय. हॉटेलच्या दृष्टीने एकच गोष्ट मोजा, ती म्हणजे सामन्यांच्या तारखा. अमेरिकन बेसबॉल संघाचे घरच्या मैदानावर 81 सामने होतात. आयपीएलच्या साखळी फेरीत संघाच्या वाट्याला घरचे येतात सात. सात रात्रींच्या भरवशावर आचारी ठेवता येत नाही. इतर दिवशी मैदान कोणासाठी उघडं असणार, हे लेखी मागा आणि मगच जागेचं भाडं ठरवा.

प्रश्न : सामना सुटल्यावर एवढी गर्दी नदीकाठच्या अरुंद रस्त्यांवर कशी मावणार? – एक रहिवासी

उत्तर : ब्रिटनमधल्या सुरक्षा-मार्गदर्शिकेनुसार प्रेक्षक बसायच्या भागातून जास्तीत जास्त आठ मिनिटांत बाहेर जायच्या मोकळ्या वाटेला लागले पाहिजेत. म्हणजे खुर्च्या रिकाम्या व्हायला आठ मिनिटं, आणि तुमचा रस्ता मोकळा व्हायला कितीही. नदीकाठी एक बाजू पाण्याने बंदच असते, तेव्हा सगळा लोंढा उरलेल्या बाजूंनी येतो. पादचारी पूल आराखड्यात आहे का ते बघा. असला तर तो पहिल्या टप्प्यात आहे का, हेही बघा.