जिना चढतात, पण दारात अडकतात

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे असून त्यांना काही वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. आम्ही गिरगावातील चाळीत राहतो. खोलीच्या उंबरठ्यापाशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात आणि कोणी घाई केली तर ते आणखीच अडकतात. जिना मात्र कठडा धरून ते नीट चढतात, त्यामुळे घरातल्या काहींना हा हट्ट वाटतो. अशा वेळी आम्ही त्यांचा हात धरून त्यांना पुढे ओढतो. त्यांच्यासाठी वॉकर आणावा का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : जिन्याचा उल्लेख तुम्ही केलात ते बरे झाले, कारण हा हट्ट नसून आजाराचेच लक्षण आहे, हे त्यावरूनच घरच्यांना पटवून देता येईल. आपण पावले टाकतो ती बहुधा विचार न करता, सवयीने. मेंदूतील डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत गेल्या की ही सवयीची यंत्रणा दुबळी होते. परंतु डोळ्यांसमोर ठळक खूण असेल, तर लक्षपूर्वक पाऊल उचलणे पुष्कळ रुग्णांना जमते. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी खूणच असते. अर्थात जिन्यावर, विशेषतः उतरताना, सोबत हवीच.

ओढणे आधी थांबवा. पाय जागीच असताना वरचे शरीर पुढे गेले की तोल जातो. ते अडकले की त्यांना थांबू द्या, सरळ उभे राहून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला सांगा आणि मग एकच मोठे पाऊल टाकायला सांगा. तेवढ्याने भागले नाही, तर तुमचे पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवे ठेवून ते ओलांडायला सांगा. ‘एक, दोन’ असे मोजल्यानेही उपयोग होतो. त्यांच्या अंगात भजनाचा ठेका मुरलेला असेल, तर ‘ज्ञानबा-तुकाराम’च्या तालावर पाऊल अधिक सहज निघेल. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना, त्यांच्या सोयीच्या पावलाइतक्या अंतरावर, फरशीच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाच्या आडव्या चिकटपट्ट्या लावून पाहा. त्यांच्या कडा मात्र सुटलेल्या राहू देऊ नका.

वळताना जागच्या जागी गिरकी न घेता रुंद वळसा घ्यायचा असतो. चाळीच्या खोलीत ते कठीण, हे मान्य. तरीही वाटेतील स्टूल, पायपुसणे आणि दारातील चपलांचा ढीग हलवता येईल. ते चालत असताना त्यांच्याशी बोलू नका आणि त्यांच्या हाती पाण्याचा तांब्याही देऊ नका, कारण एका वेळी दोन कामे आली की पाय अडकण्याची शक्यता वाढते. शौचालय गॅलरीच्या टोकाला असेल, तर रात्रीपुरते युरिन पॉट किंवा कमोडची खुर्ची खोलीतच ठेवलेली बरी.

पाय कोणत्या वेळी अडकतात, हे आठवडाभर गोळ्यांच्या वेळांसह लिहून ठेवा. गोळीचा परिणाम ओसरल्यावर त्रास वाढत असेल, तर डॉक्टर वेळा बदलू शकतात. तुम्ही स्वतः बदलू नका. औषध दुधाबरोबर देण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाचे शोषण प्रथिनांमुळे कमी होऊ शकते. म्हणून जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचे, तेही डॉक्टरांना विचारा. उठल्यावर चक्कर येते का, हेही त्यांना सांगा, कारण या आजारात उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो.

वॉकर मात्र परस्पर आणू नका. उचलून पुढे ठेवावा लागणारा साधा वॉकर अशा रुग्णांची लय मोडू शकतो आणि चाकांचा वॉकर त्यांच्या पुढे पळू शकतो. न्यूरोलॉजिकल फिजिओथेरपीचा अनुभव असलेल्या व्यक्तीने त्यांना प्रत्यक्ष चालताना पाहून निवड करावी, आणि शक्यतो ती व्यक्ती घरीच यावी, कारण दवाखान्याच्या रुंद दालनात हे पाय बहुधा अडकणारच नाहीत. मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी मदत गट चालवते, तिथेही चौकशी करा. चालणे चार-आठ दिवसांतच अचानक बिघडले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. त्यामागे संसर्ग किंवा उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइडसारखे एखादे औषध असू शकते.