गेमिंग टुर्नामेंटला जागा देता का मालक?

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र जुळे सोलापूरला राहतो, कॉलेजला आहोत. सगळ्यांचे मिळून चार पीएस फाईव्ह (टीव्हीला जोडून गेम खेळायचे कन्सोल) आहेत आणि आम्हाला ईए एफसी या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची ३२ जणांची टुर्नामेंट घ्यायचीय. एका कॅफेवाल्यानं धड ऐकूनच घेतलं नाही, आणि एका मंगल कार्यालयाचे मालक म्हणाले, 'गेम-बिम, जुगार इथं नको.' जागा मागायची तरी कशी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी मला सांगा, त्या कॅफेत गेला होता कधी? संध्याकाळी सात-आठला गेला असाल तर त्या माणसाची काय चूक, तेव्हा त्याचा गल्ला चालू असतो, पोरं ऑर्डर घेऊन पळत असतात, त्यात तुम्ही चौघं काऊंटरला जाऊन उभे राहिलात तर तो हात जोडणारच की. मंगळवारी-बुधवारी दुपारी तीनला जा, दोघंच जा, बसून एक चहा प्या आणि मग विचारा, 'मालक, पाच मिनिटं आहेत का?' आणि विचारायचं तेही त्याच रिकाम्या दुपारचं, रविवार मागू नका, रविवार त्याचा भरलेलाच असतो.

त्याला गेममधलं काही कळत नाही आणि कळायची गरज पण नाही, त्याला आकडा सांगा. समजा एन्ट्री २०० रुपये ठेवली आणि त्यातलं १०० चं खाण्याचं कुपन दिलं, तर ३२ जणांचे ३,२०० रुपये ज्या दुपारी त्याच्याकडं माशा असतात त्या दुपारी पक्के, बघायला येणारे मित्र खातील ते वेगळं. आणि हे पैसे आदल्या दिवशी ॲडव्हान्स देतो म्हणा, मग बघा चेहरा कसा बदलतो.

वेळेचा हिशोब कागदावर न्या. ३२ जणांच्या नॉकआऊटला ३१ मॅच होतात, सहा-सहा मिनिटांचे हाफ धरले तरी टीम निवडणं, पोरं बदलणं धरून एका मॅचला वीस मिनिटं जातात, चार कन्सोलवर (सेमीफायनल, फायनलला काही रिकामेच राहतात) असे नऊ राऊंड म्हणजे तीन तास, उशीर धरून साडेचार. मग '१२ ते ५' म्हणून लिहून द्या आणि पाचला खरंच बाहेर पडा.

लाईटचं पण तो विचारणारच. एक पीएस फाईव्ह साधारण २०० वॅट, टीव्ही १०० च्या आसपास, चार सेट म्हणजे १,२०० वॅट, घरातल्या गिझरपेक्षा कमी. पण सगळं एकाच बोर्डाला लावू नका. आम्ही एकदा एका हॉलवर कॅरमसोबत गेमिंग पण ठेवलं होतं, एप्रिल महिना, कूलर आणि टीव्ही एकाच लाईनवर, सेमीफायनलला एमसीबी, म्हणजे लोड वाढला की लाईट तोडणारा खटका, पडला आणि अर्धा तास सगळी पोरं अंधारात घामाघूम, मला अजून वाईट वाटतं त्या दोघा खेळाडूंचं. म्हणून एप्रिल-मे मध्ये एसी नसेल तर सोलापुरात ठेवूच नका, माणसं पण तापतात आणि कन्सोल पण.

मंगल कार्यालयाचं गणित वेगळं आहे. लग्नसराईत ते तुम्हाला उभं करणार नाहीत, पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, हॉल मोकळा पडून असतो, तेव्हा वरचा छोटा हॉल अर्ध्या दिवसाला मागा. भाडं ठरवताना लाईटबिल, झाडलोट, जनरेटरचं डिझेल आत की वेगळं, हे तिथंच विचारून घ्या, मागाहून भांडण होतं. सोलापूरच्या पूर्व भागात मालक तेलुगू बोलणारे असतील आणि तुमच्यात कुणाला तेलुगू येत असेल तर त्याला पुढं करा, निम्मं काम तिथंच होतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मात्र तारीख घेऊ नका, सगळं गाव होम मैदानावर असतं.

आता 'जुगार' हा शब्द, तो मनाला लावून घेऊ नका, मालकाची भीती खरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला, लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिलीय, भाग घ्यायची फी आणि खेळावर मिळणारं बक्षीस चालतं, पैज चालत नाही. हे मालकाला शांतपणे सांगा आणि तुमच्या कागदावर पहिलीच ओळ लिहा : इथं कुणीही पैज लावणार नाही, लावली तर बाहेर. बक्षीस एन्ट्रीच्या पैशातून काढू नका असं माझं मत, नवी पेठेतल्या एखाद्या मोबाईल दुकानदाराला कंट्रोलर द्यायला सांगा, बॅनरवर नाव टाका. गेम कंपनीचे टुर्नामेंटचे नियम वाचून घ्या, अठराच्या आतल्या पोरांच्या घरच्यांची चिठ्ठी घ्या, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात माहितीचं एक पत्र देऊन त्याची पोच मालकाच्या हातात ठेवा, त्यानं माणूस फार निवांत होतो.

हो, आणि गेमचे अपडेट आदल्या रात्री घरीच मारून न्या, एकाच टीव्हीवर दोघं समोरासमोर खेळणार असाल तर कॅफेचं वायफाय मागायचीच वेळ येत नाही. मालकाचा पोरगा तिथं घुटमळत असेल तर फायनलच्या आधी त्याला एक मॅच खेळू द्या.