चाळिशीच्या आत पॉइंट्स होतील ना, मॅडम?

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच माणूस खिशातून घडी घातलेला कागद काढतो. त्यावर पेनाने ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठीच्या गुणांची बेरीज मांडलेली असते: वय २५, डिग्री १५, अनुभव १५, इंग्रजी शून्य. खाली दोन रेघा आणि गोल केलेला आकडा. मग प्रश्न येतो, "होईल का हो आमचं?"

वडोदऱ्यात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की कागद उलगडायच्या आधीच बेरीज कुठे अडली असेल याचा अंदाज येतो. विचारणारा बहुधा पस्तिशी ओलांडलेला, मकरपुऱ्यात किंवा रिफायनरीच्या बाजूला नोकरीला, घर दांडिया बाजार नाहीतर प्रतापनगरकडे. झोप गेलेली, घरात धुसफुस. व्हिसाचा सल्ला देणारी दुकानं अलकापुरीत रग्गड आहेत आणि त्यांचं काम माझं नाही; मी समुपदेशक. तरी गुणांचा तक्ता मला पाठ आहे. भीती किती खरी आणि किती फुगलेली हे आकडे ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि "सगळं ठीक होईल" असं म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे इंजिनियर माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

इथे सांगते ती हकिकत दोन-तीन घरांची मिळून आहे. नावं बदललेली. समीर मेकॅनिकल इंजिनियर, इथल्या कलाभवन इंजिनियरिंग कॉलेजातून २००८ साली बी.ई. झालेला.

"वय?"

"एकोणचाळीस. मार्चमध्ये चाळीस."

"म्हणजे आठेक महिने."

"सात महिने तेवीस दिवस."

दिवस मोजणाऱ्या माणसाला धीर देऊन उपयोग नसतो. त्याचा हिशोब त्याच्यासमोर पुन्हा मांडावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाच्या तक्त्यात ३३ ते ३९ या वयाला २५ गुण, ४० ते ४४ ला १५, आणि पंचेचाळिशीला दार बंद. डिग्रीचे १५. परदेशातला, म्हणजे आपल्याकडचा, आठ वर्षांचा अनुभव असेल तर १५. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत किमान ६ असतील तर गुण शून्य, चारही ७ असतील तर १०, चारही ८ असतील तर २०. समीरने परीक्षा तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा रायटिंगला साडेसहा आले. बाकी तिन्हीत साडेसात-आठ असूनही हातात शून्य, कारण गुण सरासरीवर मिळत नाहीत, सगळ्यात कमी पडलेल्या भागावर मिळतात. बेरीज ५५. बायकोने परीक्षा देऊन नुसते चारही ६ आणले तर आणखी ५, म्हणजे ६०. लागतात किमान ६५.

किमान हा शब्द लोक ऐकत नाहीत. पासष्ट म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, व्हिसासाठी अर्ज करायचं बोलावणं बहुतेक व्यवसायांना त्याहून वरच्या आकड्यावर येतं. दुसरी गोष्ट समीरलाही ठाऊक नव्हती. वय धरलं जातं ते बोलावणं येतं त्या दिवशीचं. त्याची समजूत होती की ऑनलाइन नाव टाकलं की वय तिथेच थांबतं. हे कळल्यावर त्याचा चेहरा आणखी उतरला. ते मला माहीत होतं. खोट्या आधारावरचा दिलासा आठवडाभर टिकतो, म्हणून तो मी आधीच काढून घेते.

"कॅनडा बघू का मग?" त्याने विचारलं. तिथे तर तिशीपासूनच वयाचे गुण दर वर्षी उतरत जातात, आणि नोकरीच्या ऑफरला मिळणारे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकलेत. ऑफर लेटर विकणारे अजून विकतायत, तो भाग वेगळा.

पहिल्या भेटीच्या शेवटी त्याला एकच सांगितलं: पुढच्या वेळी बायकोला घेऊन या.

"ती कशाला? तिला टेन्शन नाहीये."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवते. चिंता एकाच्या अंगावर दिसते, पण ती अख्ख्या घराची असते असं माझं ठाम मत आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदलावं असं काही घडलेलं नाही. एकट्या माणसाला बसवून तासन्‌तास त्याच्या विचारांची उलटतपासणी करणारे सहकारी आहेत, त्यांच्या पद्धतीबद्दल आदर आहे. पण परदेशी जाण्याचा प्रश्न मी कधी एका खुर्चीवर सोडवलेला नाही.

मनाली आली. पर्स मांडीवर, विचारलं की बोलायची. मी तिला विचारलं, "तुम्ही काय करता?" उत्तर समीरने दिलं, "शाळेत आहे."

"काय शिकवता?"

"नववी-दहावीला सायन्स. इंग्लिश मीडियम," आता ती बोलली.

"किती वर्षं?"

"अकरा होतील."

"वय?"

"चौतीस."

कोरा कागद मी समीरकडे सरकवला. "तुमचा हात बसलाय. हाच तक्ता यांच्या नावाने मांडा."

त्याने वय २५ लिहिलं. बी.एस्सी.-बी.एड. १५. अनुभव १५. इंग्रजीपाशी थांबला. मनाली म्हणाली, "सात येतील मला. दिवसभर तेच बोलते मी." त्याने १० लिहिले. पासष्ट. मग नियमाप्रमाणे जोडीदाराचे गुण. जोडीदार पंचेचाळिशीच्या आतला, त्याच्या व्यवसायाचं तिथल्या संस्थेकडून मूल्यांकन झालेलं, तो व्यवसाय अर्जदाराचा व्यवसाय आहे त्याच यादीत आणि इंग्रजी चारही भागांत ६ असेल तर १०. साडेसहावर अडकलेली समीरची परीक्षा इथे पुरेशी होती. पंच्याहत्तर. एखाद्या राज्याने नामांकन दिलं तर ८०, मोठ्या शहरांबाहेरच्या भागासाठीचा पाच वर्षांचा व्हिसा घेतला तर ९०. शिवाय शिक्षक आणि आरोग्यसेवेतले लोक यांच्या अर्जांना तिथलं इमिग्रेशन खातं २०२२ पासून प्राधान्य देतंय.

पेन कागदावरच होतं. खाली रिक्षांचा आवाज. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलणं म्हणजे दूध उतू जाताना झाकण ठेवणं.

"म्हणजे मी हिचा डिपेंडंट?"

तीन परीक्षा, एजंटच्या चकरा, उडालेली झोप, या सगळ्याच्या तळाशी हे बसलेलं होतं. एजंटने मनालीचा तक्ता कधी मांडलाच नव्हता, कारण त्याला कोणी मांडायला सांगितलं नव्हतं. 'आपण कसे पात्र ठरू' हा प्रश्न घरात 'समीर पात्र आहे का' असा बनून बसला होता, आणि त्याचं उत्तर दर वाढदिवसाला घसरत होतं. त्या घरात घड्याळं दोन होती. एकाला आठ महिने उरले होते, दुसऱ्याला साडेपाच वर्षं. सगळे पहिल्याकडेच बघत होते.

डिपेंडंट या शब्दाबद्दल त्याला दोन गोष्टी सांगितल्या. कायमस्वरूपी स्किल्ड व्हिसात मुख्य अर्जदार आणि त्याच्यासोबतचा जोडीदार दोघांनाही सारखीच पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळते. कुठेही, कुठलीही नोकरी करायची दोघांना मुभा. आणि त्याच्या मूल्यांकनाशिवाय दहा गुण उडतात, म्हणजे काम त्यालाही पुरून उरणारं होतं.

ते काम म्हणजे इंजिनियरांच्या संस्थेला द्यायचा अहवाल. त्याच्या डिग्रीला थेट मान्यता लागू नव्हती. इंजिनियरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत आला २०१४ साली, त्याची पदवी २००८ ची. त्यामुळे स्वतःच्या कामाचे तीन प्रसंग लिहायचे, प्रत्येक १,००० ते २,५०० शब्दांचा. कोणता दोष होता, काय गणित केलं, ड्रॉइंगमध्ये काय बदललं. बाजारात हे तयार मिळतात. घेऊ नयेत. संस्था मजकूर पडताळून बघते आणि उचललेला सापडला तर अर्ज फेटाळून वर बंदी घालते.

समीरने पहिला प्रसंग लिहून आणला. हीट एक्स्चेंजरच्या नळ्या पुन्हा पुन्हा गळायच्या, त्याचं कारण त्याने शोधलं होतं. काम चांगलं, लिखाण निरुपयोगी. प्रत्येक ओळीत 'आम्ही'. आम्ही तपासलं, आम्ही ठरवलं. तिथे हवा असतो 'मी'. टीमने काय केलं याला मूल्य नाही, अर्जदाराने स्वतः काय केलं ते लिहायचं. मी कागद परत करत म्हटलं, "गंमत बघा. जिथे 'मी' लिहायचं तिथे तुम्ही 'आम्ही' लिहिलंय. आणि जिथे आम्ही म्हणायचं होतं तिथे वर्षभर 'मी' धरून बसलात."

तो हसला. त्या खोलीत पहिल्यांदाच. मनाली त्याच्याकडे न बघता हसली. त्याआधीच्या पाच बैठकांचं काम त्या हसण्यात होतं, हे मी इथे नम्रपणा बाजूला ठेवून सांगते.

समीरच्या आईंचं थोडक्यात सांगते. "फॉर्मवर पहिलं नाव सूनबाईंचं" हे कळल्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तिथे थंडी किती असते.

मनालीच्या कागदांवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण शिक्षिका असलेल्या घरांत नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. शिक्षकांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या अटी कडक आहेत. विद्यापीठीय शिक्षण एकूण चार वर्षांचं हवं, त्यात किमान एक वर्ष शिक्षक-प्रशिक्षणाचं. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि तिच्या वेळची एक वर्षाची बी.एड. म्हणजे चार, बरोब्बर. इंग्रजी अ‍ॅकॅडमिक आयईएलटीएसचं: वाचन-लेखनात ७, ऐकणं-बोलण्यात ८. पहिल्या खेपेला तिलाही रायटिंगला साडेसहाच आले, नवऱ्यासारखेच. चूक साधी होती. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन असतं आणि ती पहिल्या प्रश्नातल्या आलेखावर अर्धा तास घालवत होती. वीस मिनिटं आणि चाळीस मिनिटं अशी वाटणी करून दुसऱ्या खेपेला सात आले.

अनुभवाची अकरा वर्षं कागदावर आठ वर्षं दोन महिने भरली. पहिल्या छोट्या शाळेत पगार रोख हातात मिळायचा, नेमणुकीचं पत्र नाही, पीएफ नाही. ती वर्षं मोजायचीच नाहीत असं ठरवलं. धरला जातो तो गेल्या दहा वर्षांतला, आठवड्याला किमान वीस तासांचा, पगारी अनुभव, आणि त्याला नेमणूकपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६, बँकेच्या नोंदी असं काहीतरी लागतं. हावरटपणाने जास्त गुण सांगून बोलावणं मिळवलं आणि नंतर सिद्ध करता आले नाहीत, तर व्हिसा नाकारला जातो आणि साडेचार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त असलेली फी परत येत नाही. बोलावण्यानंतर अर्जाला ६० दिवसच असतात. म्हणून कागद आधी, नाव नोंदवणं मागाहून.

नावाचा घोळ मराठी घरांत हमखास. तिचं माहेर जळगावचं. डिग्र्या सगळ्या माहेरच्या नावाने, आणि लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं 'मनाली' पासपोर्टवर. आडनावच नाही, पहिलं नावही वेगळं. नुसत्या लग्नाच्या दाखल्यावर ही दोन नावं एकाच माणसाची आहेत हे परक्याला पटत नाही. राज्याच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि दाखला असं तिन्ही जोडावं, आणि हे पहिल्या महिन्यात करावं.

सगळ्यात अडलं ते पंचेचाळीस दिवसांवर. प्रशिक्षणात शाळेत जाऊन, देखरेखीखाली किमान ४५ दिवस शिकवलं असल्याचं कॉलेजचं पत्र लागतं. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर दिवस नसतात, 'सराव पाठ' आणि गुण एवढंच असतं. कॉलेज म्हणालं, इतकं जुनं रेकॉर्ड कोण शोधणार. मनालीने माहेरच्या माळ्यावरून पाठ टाचणाची वही काढून आणली. कव्हर वाळवीने खाल्लेलं, पण आत प्रत्येक पाठाला तारीख, वर्ग, शाळा, आणि निरीक्षकांची लाल शाईतली सही. एका पानावर शेरा: 'फळ्यावरचं अक्षर सुधारा.' समीर ती वही घेऊन माझ्याकडे आला. तारखांना त्याने पेन्सिलने नंबर घातले होते. सराव पाठ आणि ब्लॉक टीचिंग मिळून ४८.

"मॅडम, तीन जास्त आहेत," तो म्हणाला. सात महिने तेवीस दिवस सांगितले होते त्याच आवाजात.

वहीच्या झेरॉक्स घेऊन तो स्वतः नवजीवन एक्स्प्रेसने जळगावला गेला. नोंदणीकृत एजंटही त्यानेच शोधला, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यादीत सात आकडी नंबर तपासून. मार्चमध्ये चाळिशी झाली. आईंनी ओवाळलं. मला मेसेज आला तो वाढदिवसाचा नव्हता: कॉलेजचं पत्र मिळालं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, ४८ दिवस. फक्त विद्यार्थ्यांचा वयोगट लिहायचा राहिलाय.

शनिवारचं जळगावचं तिकीट त्याने काढलं होतं.